दुधाची गाठ म्हणून सोडून देऊ नका: गरोदरपण आणि स्तनाचा कॅन्सर

मूल झालं, अंगावर पाजलं की स्तनाच्या कॅन्सरचा धोका कमी होतो, असं बहुतेक बायकांनी ऐकलेलं असतं. ते खरं आहे, पण अर्धंच. हा फायदा मिळतो तो बऱ्याच वर्षांनी, पन्नाशीच्या पुढे-मागे. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही वर्षांत धोका उलट थोडा वाढलेला असतो. आणि नेमक्या याच काळात स्तन भरलेले, जड, हाताला गाठीगाठींचे लागतात, त्यामुळे खरी गाठ दुधाच्या गाठींत लपून जाते. बाईला कळत नाही, घरच्यांना कळत नाही, घाईत असलेल्या डॉक्टरांच्याही हातून ती निसटू शकते. आजाराइतकंच नुकसान या उशिरामुळे होतं. उशीर टाळणं मात्र आपल्या हातात आहे.

आधी फायद्याचं बघू. इटलीतले वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७१३ साली नोंद केली होती की ख्रिस्ती मठांतल्या ननमध्ये स्तनाचा कॅन्सर इतर बायकांपेक्षा जास्त आढळतो. १९२६ साली इंग्लंडमध्ये जॅनेट लेन-क्लेपॉन यांनी कॅन्सर झालेल्या ५०० आणि न झालेल्या ५०० बायकांची माहिती शेजारी शेजारी मांडली, तेव्हा मुलं कमी असणं आणि पाजणं कमी असणं या दोन्ही गोष्टी कॅन्सर झालेल्यांमध्ये जास्त दिसल्या. २००२ साली ३० देशांतले ४७ अभ्यास एकत्र करून हिशेब झाला. त्यात कॅन्सर झालेल्या सुमारे ५० हजार आणि न झालेल्या सुमारे ९७ हजार बायका होत्या. प्रत्येक बाळंतपणामागे धोका ७ टक्क्यांनी आणि एकूण पाजण्याच्या दर १२ महिन्यांमागे आणखी ४.३ टक्क्यांनी कमी, असा निष्कर्ष निघाला. हे टक्के त्या बाईच्या मूळ धोक्याचे आहेत. म्हणजे दोन मुलांना दीड-दीड वर्ष पाजलेल्या आईला कॅन्सर होणारच नाही, असं नाही. शक्यता कमी होते, शून्य होत नाही.

पहिलं मूल लवकर झालं तर फायदा जास्त, हेही खरं आहे. पण म्हणून मुलींची लग्नं लवकर उरकावीत असा अर्थ कुणी काढू नये. कोवळ्या वयातल्या बाळंतपणात आईच्या आणि बाळाच्या जिवाला जो धोका असतो, त्यापुढे हा दूरचा फायदा काहीच नाही.

हे घडतं कसं? स्तनात दूध तयार करणाऱ्या बारीक पिशव्या आणि ते बोंडाकडे नेणाऱ्या नळ्या असतात. सगळी रचना द्राक्षाच्या घडासारखी, मधे देठ आणि टोकांना मणी. मूल न झालेल्या बाईच्या स्तनात या टोकांवरच्या पेशी अपक्व असतात. त्या दर पाळीला संप्रेरकांच्या, म्हणजे हार्मोनच्या, चढउताराबरोबर वाढत-विभागत राहतात, आणि पेशी जितक्या वेळा विभागते तितकी तिच्या जनुकांत चूक होण्याची संधी वाढते. पहिल्या पूर्ण दिवसांच्या गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, या पेशी पक्व होतात आणि त्यातल्या बऱ्याच पुढे कमी विभागतात. पाजत असताना पाळी लांबते, तो आणखी एक फायदा. तीन-चार महिन्यांत गर्भ पडला तर हे संरक्षण मिळत नाही, पण त्याने धोका वाढतही नाही. गर्भपातामुळे स्तनाचा कॅन्सर होतो ही भीती अजून पसरवली जाते, म्हणून स्पष्ट सांगायला हवं: १९९७ साली डेन्मार्कमधल्या सुमारे १५ लाख बायकांच्या सरकारी नोंदी तपासल्या गेल्या आणि असा संबंध आढळला नाही. २००४ साली १६ देशांतल्या ५३ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातूनही तेच निघालं. गर्भ पडलेल्या बाईच्या मनावर आधीच ओझं असतं, त्यात हे खोटं ओझं टाकू नये.

आता दुसरी बाजू. २०१९ साली १५ मोठ्या अभ्यासांची माहिती एकत्र तपासली गेली. मूल न झालेल्या बायकांच्या तुलनेत, मूल झालेल्यांचा धोका बाळंतपणानंतर साधारण ५ वर्षांनी सगळ्यात जास्त असतो, मग हळूहळू उतरतो, आणि बाळंतपणाला जवळजवळ २४ वर्षं झाल्यावर तो कमी बाजूला जातो. पहिलं मूल पस्तिशीनंतर झालं असेल तर ही वाढ जास्त ठळक असते. घाबरण्याआधी प्रत्यक्ष आकडा बघावा: ४१ ते ४५ या वयापर्यंत, मागच्या ३ ते ७ वर्षांत बाळंत झालेल्या १ लाख बायकांमागे ४१ जणी जास्त, इतकाच हा फरक आहे. तरुण वयात स्तनाचा कॅन्सर मुळातच कमी असतो, त्यामुळे थोडं वाढूनही तो कमीच राहतो.

याची दोन कारणं सांगितली जातात. गरोदरपणात इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि प्रोलॅक्टिन भरपूर वाढतात. एखादी पेशी आधीच बिघडलेली असेल तर तिलाही त्यांचं बळ मिळतं. दुसरं कारण पाजणं थांबल्यानंतरचं. दूध बनवणाऱ्या पेशींचा मोठा भाग तेव्हा मरतो, साफसफाईला रोगप्रतिकारक पेशी येतात, तंतूंचं जाळं नव्याने विणलं जातं. जखम भरताना शरीरात जे चालतं, बरंचसं तसंच. निरोगी स्तनात हे सगळं सुरळीत पार पडतं, पण तिथे दडून बसलेल्या कॅन्सरच्या पेशींना ही जमीन मानवते. म्हणूनच गरोदरपणात सापडलेल्या कॅन्सरपेक्षा बाळंतपणानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत सापडलेला कॅन्सर अनेकदा जास्त चिवट निघतो.

गरोदरपणातच कॅन्सर निघणं दुर्मीळ आहे, साधारण ३ हजार गरोदर बायकांत एखादी. पण भारतात स्तनाचा कॅन्सर पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत सरासरी दहा वर्षं लवकर होतो आणि मुलं होण्याचं वय पुढे सरकतंय. दोन्ही गोष्टी एकमेकींच्या जवळ येत चालल्या आहेत.

गाठ कशी ओळखायची आणि कुठे निसटते

पाजणाऱ्या बाईने स्तन तपासायचा तो बाळाला पाजल्यावर, रिकामा झाल्यावर. पाठीवर झोपून, ज्या बाजूचा स्तन तपासायचा तो हात डोक्याखाली घ्यावा. दुसऱ्या हाताची मधली तीन बोटं सपाट ठेवून, टोकांनी न चिमटता, लहान लहान गोल फिरवत गळ्याच्या हाडापासून स्तनाच्या खालच्या घडीपर्यंत आणि बरगडीच्या बाजूने काखेपर्यंत जावं. आधी हलका दाब, मग मध्यम, मग बरगडी लागेपर्यंत.

दुधाची गाठ पाजल्यावर लहान होते किंवा जागा बदलते, दुखते, दोन-चार दिवसांत विरते. नळीत दूध साकळून झालेली गाठ मऊ, गुळगुळीत, हाताखाली सरकणारी असते. कॅन्सरची गाठ बहुतेक वेळा टणक, कडा ओबडधोबड, पाजण्याआधी आणि नंतर तेवढीच, आणि बऱ्याचदा न दुखणारी. न दुखणारी आहे म्हणून साधी आहे, हा समज फार महागात पडतो. हातावरून शंभर टक्के सांगता येत नाही, डॉक्टरांनाही नाही. म्हणून एकच नियम ठेवावा: कुठलीही गाठ दोन आठवड्यांत पूर्ण गेली नाही तर सोनोग्राफी.

लाल झालेला, तापलेला, दुखरा स्तन आणि अंगात ताप असेल तर तो बहुतेक वेळा जंतुसंसर्गच असतो. अँटिबायोटिकने दोन-तीन दिवसांत उतार पडायला लागतो. आठ-दहा दिवसांचा कोर्स होऊनही लाली आणि सूज तशीच असेल, त्वचा जाड होऊन तिच्यावरची छिद्रं ठळक दिसायला लागली असतील, तर अँटिबायोटिक बदलून पुन्हा वाट बघणं चूक आहे. दाहक प्रकारचा कॅन्सर अगदी असाच दिसतो. तेव्हा सोनोग्राफी आणि त्वचेसह तुकडा तपासणं लागतं. बोंड नव्याने आत ओढलं जाणं, काखेत गाठ लागणं, एकाच स्तनातून एकाच छिद्राने रक्ताळ पाणी येणं, ही कारणंही दोन आठवडे न थांबता दाखवण्याची. गरोदरपणाच्या शेवटी किंवा पाजायला सुरुवात करताना दोन्ही बाजूंनी थोडं तांबूस दूध येऊ शकतं आणि आठवड्याभरात थांबतं, त्याची काळजी नसते.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. इचलकरंजीत सासर आणि चंदगडला माहेर असेल तर पाचव्या महिन्यात गाठ लागली ती इचलकरंजीच्या डॉक्टरांना, सातव्या महिन्यात बाई गेली चंदगडला, बाळंतपण झालं गडहिंग्लजला, आणि तीन-चार महिन्यांनी बाळाला घेऊन परत सासरी. तीन ठिकाणी तीन फाइली. पहिले म्हणतात बाळंतपण होऊ दे मग बघू, दुसऱ्यांना गाठीचं कुणी सांगितलेलंच नसतं, तिसरे म्हणतात दूध थांबू दे. असा एका गाठीचा एक वर्षाचा प्रवास सहज होतो. यावर उपाय साधा आहे. गाठ दिसली त्याच दिवशी माता-बाल सुरक्षा कार्डावर तारीख, कुठली बाजू, सेंटिमीटरमध्ये साधारण माप हे लिहून घ्या. ते कार्ड बाई कुठेही गेली तरी बरोबर असतं, आणि आशाताईंनाही पुढच्या भेटीत विचारता येतं.

बाळंतिणीला शेक आणि तेलमालीश देण्याची पद्धत आहे. त्याने कॅन्सर होत नाही. पण गाठ फोडायची म्हणून स्तन जोराने चोळणं आजच्या समजुतीप्रमाणे दुधाच्या गाठीलाही बरं नाही, त्याने सूज वाढते. थंड पट्टी आणि नेहमीसारखं पाजत राहणं जास्त कामाचं. दृष्ट काढायची असेल तर काढा, पण दोन आठवड्यांचं कॅलेंडर गाठ लागली त्या दिवसापासून मोजा.

तपासण्या: पोटात बाळ असताना काय चालतं

सोनोग्राफी सगळ्यात आधी. तिच्यात किरणं नसतात, ती कितीही वेळा करता येते. मॅमोग्राफीची भीती वाटते, पण नीट केली तर पोटातल्या बाळाला पोहोचणारा किरणांचा डोस ०.०१ मिलिग्रेच्याही (मिलिग्रे हे किरणांचं माप) खाली असतो. ५० मिलिग्रेच्या खाली गर्भाला अपाय झाल्याचं दिसलेलं नाही. गरज असेल तर ती करून घ्यावी. गॅडोलिनियम हे चित्र ठळक करणारं द्रव्य टोचून केलेला एमआरआय आणि पेट स्कॅन मात्र गरोदरपणात टाळतात.

निदान होतं ते तुकड्यानेच, म्हणजे कोअर बायोप्सीने. बारीक सुईने पेशी ओढून काचेवर पसरवण्याची एफएनएसी स्वस्त आणि झटपट आहे, पण गरोदर आणि पाजणाऱ्या बाईत साध्या पेशीही मोठ्या, विभागणाऱ्या दिसतात, आणि अहवाल चुकण्याची शक्यता वाढते. कोअर बायोप्सीत त्वचा बधिर करायला लिग्नोकेनचं इंजेक्शन देतात, ते गरोदरपणात सुरक्षित असतं. दोन-तीन मिलिमीटरचा छेद, त्यातून १४ गेजची सुई सोनोग्राफीवर बघत गाठीपर्यंत. स्प्रिंगची बंदूक टक् असा मोठा आवाज करते. त्याने दचकायला होतं, म्हणून तो आधी ऐकवून दाखवावा. तीन ते पाच तुकडे काढतात, पेन्सिलीच्या शिसाइतके जाड. मग दहा मिनिटं दाबून धरायचं, पट्टी लावायची. पाजणाऱ्या बाईत छेदातून दूध झिरपत राहण्याची थोडी शक्यता असते, म्हणून आधी बाळाला पाजून स्तन रिकामा करून यावं. पाजणं बंद करायची गरज नाही.

इथे एक चूक वरचेवर होते. तुकडे १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये, तुकड्याच्या दहापट तरी द्रवात ठेवायचे असतात. तालुक्यातून शहरातल्या लॅबला जाताना ते सलाइनमध्ये किंवा कोरड्या गॉजमध्ये गेले की पेशी कुजतात. आणि रविवार-सण धरून तीन दिवसांहून जास्त फॉर्मॅलिनमध्ये पडून राहिले तर ईआर, पीआर, हर-२ (कॅन्सरच्या पेशी इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन की हर-२ प्रथिनाच्या बळावर वाढतात हे सांगणाऱ्या) या चाचण्यांचे निकाल विश्वासाचे राहत नाहीत. या तीन चाचण्यांवर पुढची सगळी ट्रीटमेंट ठरते. त्यामुळे आठवड्याच्या सुरुवातीला बायोप्सी झालेली बरी, आणि फॉर्मवर ठळक लिहायला लावा: गरोदर, इतके आठवडे. किंवा पाजणारी, बाळ इतक्या महिन्यांचं. पॅथॉलॉजिस्टला हे माहीत नसेल तर तो चुकीच्या चष्म्यातून बघतो.

उपचारांसाठी बाळंतपणापर्यंत थांबावं लागत नाही

घरात पहिला प्रश्न येतो तो गर्भ पाडायचा का. गर्भ पाडल्याने कॅन्सर बरा होण्याची शक्यता वाढत नाही, हे आता पक्कं झालेलं आहे. पहिल्या तिमाहीत आणि फार पुढच्या टप्प्यातला कॅन्सर असेल, केमो लगेच हवी असेल, तेव्हा हा विचार समोर येतो, पण तो त्या बाईने ठरवायचा आहे. डॉक्टरांनी किंवा सासूबाईंनी नाही.

ऑपरेशन कुठल्याही महिन्यात होतं. भूल चालते. विसाव्या आठवड्यानंतर बाईला टेबलावर थोडं डाव्या कुशीकडे झुकवतात, म्हणजे गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर पडत नाही. कॅन्सर पसरला तर आधी जिथे पोहोचतो ती काखेतली लसिकाग्रंथी शोधायला किरणोत्सारी टेक्नेशियम वापरता येतं, निळा रंग टाळतात. रेडिएशन मात्र बाळंतपणानंतरच. स्तन वाचवणारं ऑपरेशन केलं तर रेडिएशन लागतं. नंतर केमो द्यायची असेल तर तेवढ्यात बाळंतपण होऊन जातं आणि वेळ जुळते. पण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच निदान झालं आणि केमोची गरज नसेल, तर रेडिएशनला फार उशीर होतो, तेव्हा पूर्ण स्तन काढण्याकडे कल राहतो.

केमोचं गणित बाळाच्या वाढीवर आहे. पहिल्या १२ आठवड्यांत अवयव घडतात, तेव्हा केमो दिली तर व्यंग किंवा गर्भपात होऊ शकतो, म्हणून नाही. १२ ते १४ आठवड्यांनंतर डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फमाइड यांचा कोर्स देता येतो, त्यानंतर पॅक्लिटॅक्सेलही. डोस गरोदरपणातल्या खऱ्या वजनावर काढायचा, बाळाच्या काळजीने कमी करायचा नाही. अर्ध्या डोसने बाळाला फायदा नाही आणि आईला तोटा. साधारण ३४-३५ व्या आठवड्यानंतर केमो थांबवतात आणि शेवटचा डोस व बाळंतपण यांत किमान तीन आठवडे ठेवतात. कारण डोसनंतर पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट उतरतात, आईच्याही आणि बाळाच्याही. त्याच दिवसांत कळा सुरू झाल्या तर रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग दोन्ही डोक्यावर. आपल्याकडे बऱ्याच गरोदर बायकांचं हिमोग्लोबिन आधीच कमी असतं, ते केमोच्या आधीपासून सांभाळावं लागतं.

टॅमॉक्सिफेन (इस्ट्रोजेनला अडवणारी गोळी) आणि ट्रास्टुझुमॅब (हर-२ असलेल्या कॅन्सरवरचं औषध) गरोदरपणात देत नाहीत. पहिल्याने बाळात व्यंग येऊ शकतं, दुसऱ्याने गर्भजल आटतं. दोन्ही बाळंतपणानंतर सुरू करतात.

केमोत वाढलेली बाळं कशी होतात? २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, गरोदरपणात आईला कॅन्सर झालेल्या १२९ मुलांची दीड किंवा तीन वर्षांच्या आसपास तपासणी झाली. त्यांची बुद्धी आणि हृदय इतर मुलांसारखंच होतं. फरक पडत होता तो दिवस भरण्याआधी बाळंतपण केल्याने. म्हणून उपचार लवकर सुरू करण्यासाठी आठव्या महिन्यात सिझेरियन करण्याची घाई करण्यापेक्षा, केमो चालू ठेवून ३७ आठवड्यांच्या जवळ जाणं बाळासाठी बरं. आईचा कॅन्सर दुधातून बाळाला जात नाही. केमो, टॅमॉक्सिफेन किंवा ट्रास्टुझुमॅब चालू असताना मात्र पाजायचं नाही, कारण औषधं दुधात उतरतात. एरवी निरोगी बाजूने पाजता येतं. रेडिएशन झालेल्या बाजूला दूध फार कमी येतं.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचं ऑपरेशन, केमो आणि रेडिएशन येतं, कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत. रेशन कार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटायचं. नव्याने लग्न झालेल्या मुलीचं नाव माहेरच्या रेशन कार्डातून कमी झालेलं असतं आणि सासरच्या कार्डात चढलेलं नसतं, तिथे मंजुरी अडकते. गरोदर असतानाच ते नाव चढवून घ्यावं. कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे आपलं सीपीआर, मेडिकल कॉलेजला जोडलेलं आहे. स्त्रीरोग, सर्जरी आणि पॅथॉलॉजी एका आवारात असण्याचा फायदा अशा केसला मोठा असतो, कारण इथे एकट्या डॉक्टरने निर्णय घेऊन चालत नाही.

कॅन्सरनंतर मूल

कॅन्सर झाला म्हणजे आता मूल नाही, असं सरसकट सांगितलं जातं. ते बरोबर नाही. संप्रेरकांना प्रतिसाद देणारा कॅन्सर झालेल्या, ४२ वर्षांपर्यंतच्या सुमारे ५०० बायकांवरचा एक अभ्यास २०२३ साली आला. त्यांनी दीड ते अडीच वर्षं टॅमॉक्सिफेनसारख्या, संप्रेरकांना अडवणाऱ्या गोळ्या घेतल्या आणि मग मुलासाठी दोन वर्षांपर्यंत थांबवल्या. तीन वर्षांनंतर कॅन्सर परतण्याचं प्रमाण ८.९ टक्के होतं, आणि गोळ्या न थांबवलेल्या तशाच बायकांत ९.२ टक्के. अर्थात हा तीन वर्षांचा हिशेब आहे आणि असा कॅन्सर दहा वर्षांनीही परततो, म्हणून मूल झाल्यावर गोळ्या पुन्हा सुरू करायच्याच. गोळ्या थांबवल्यावर लगेच दिवस जाऊ द्यायचे नाहीत: टॅमॉक्सिफेन शरीरातून जायला त्या अभ्यासात तीन महिने दिले होते, ट्रास्टुझुमॅबनंतर सात महिने थांबायला सांगतात.

मूल हवं असेल तर हे बोलणं केमोच्या पहिल्या डोसच्या आधी व्हायला हवं, नंतर नाही. स्त्रीबीजं किंवा भ्रूण गोठवून ठेवायला साधारण दोन आठवडे लागतात आणि तेवढ्याने उपचार बिघडत नाहीत. लेट्रोझोल सोबत देऊन त्या काळात इस्ट्रोजेन आटोक्यात ठेवतात. केमो चालू असताना महिन्याला गोसेरेलिनचं इंजेक्शन दिल्याने अंडाशय वाचण्याची शक्यता वाढते. चाळिशीच्या आत कॅन्सर झाला असेल किंवा आई-बहिणीला तरुणपणी झाला असेल तर बीआरसीए जनुकांची (यांतला दोष घराण्यातून येतो आणि स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढवतो) तपासणी करून घ्यावी. दोष निघाला तरी मूल होऊ देण्याने कॅन्सर परतण्याचं प्रमाण वाढल्याचं दिसलेलं नाही.

आणि उपचार चालू असताना दिवस जाऊ नयेत म्हणून माला-एन किंवा अंतरा इंजेक्शन घ्यायचं नाही, त्यांत संप्रेरकं असतात. कॉपर-टी बसवून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ती मोफत बसवतात. बसवणाऱ्या सिस्टरना कॅन्सरचे उपचार चालू असल्याचं सांगून, त्या आठवड्यातला रक्ताचा रिपोर्ट बरोबर न्यावा, कारण पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतील तर त्या दिवशी बसवत नाहीत.